अक्षर बदलावे, साज राखावा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आज ओळखीच्या आठ तालुक्यांतील पेढ्या, धान गिरण्या, शाळा आणि धर्मस्थाने यांच्या कागदोपत्री एका शब्दाचा फरक करणे भाग पडले. ‘जिल्हा भंडारा’ जाऊन ‘जिल्हा गोंदिया’ आले. काम एका शब्दाचे दिसते. परंतु संगणकावर लिहिलेल्या मजकुरातील एक शब्द बदलणे किती जोखमीचे असते, हे समजण्यास याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

संगणकाला ‘भंडारा दिसेल तेथे गोंदिया कर’ अशी आज्ञा दिली, तर तो ती निमूटपणे पाळतो. त्याला गावाचे नाव आणि प्रसादाचा भंडारा यांतील भेद कळत नाही. ‘भंडारा रोड’ हे रेल्वे स्थानकाचे नाव तो ‘गोंदिया रोड’ करील. ‘भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघ’ याचा ‘गोंदिया-गोंदिया’ होईल. आणि एखाद्या संस्थेच्या अहवालात ‘ज्ञानभंडारातील हस्तलिखिते’ असे शब्द असतील, तर त्यांतही ‘भंडारा’ ही अक्षरे सलग सापडत असल्यामुळे तेथे ‘ज्ञानगोंदियातील हस्तलिखिते’ अवतरतील. वाचणारा हसेल, परंतु तोच अहवाल छापून घरोघर गेला असेल, तर हसण्याची वेळ टळलेली असेल.

शब्दाचा हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा धोका त्याहून सूक्ष्म आहे आणि तो शब्दाच्या साजाचा आहे. कागदावरील मजकूर म्हणजे केवळ अक्षरे नव्हेत. कोणते अक्षर ठळक, कोणते तांबडे, कोणते तिरपे, कोणत्या वळणाच्या टंकात, कोणत्या भाषेचे, ही सर्व माहिती संगणक अक्षरांबरोबर परंतु अक्षरांहून वेगळी जपून ठेवतो. मजकुराविषयीची ही माहिती म्हणजे त्याचा साज. अक्षर बदलताना हा साज जागच्या जागी राहावा, यासाठी संगणकाला बरीच कसरत करावी लागते, आणि ती कसरत जेथे चुकते तेथे व्यापाऱ्याचे नुकसान होते.

या कसरतीचे गणित समजण्यासारखे आहे. ‘भंडारा’ आणि ‘गोंदिया’ हे दोन्ही शब्द डोळ्यांना तीन-तीन अक्षरांचे दिसतात. संगणकाचे मोजमाप मात्र वेगळे. तो काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह यांना प्रत्येकी एक स्वतंत्र चिन्ह मानतो. त्याच्या लेखी ‘भंडारा’ सहा चिन्हांचा आहे, तर ‘गोंदिया’ सात चिन्हांचा. आता ‘जिल्हा भंडारा, महाराष्ट्र’ या ओळीत केवळ ‘महाराष्ट्र’ हा शब्द ठळक केलेला आहे असे समजावे. संगणकाची नोंद अशी असते: सोळाव्या चिन्हापासून पंचविसाव्या चिन्हापर्यंत ठळक. भंडाऱ्याच्या जागी गोंदिया येताच पुढचे सारे एका घराने सरकते आणि ‘महाराष्ट्र’ सतराव्या चिन्हापासून सव्विसाव्यापर्यंत जातो. नोंद सरकवली नाही, तर ठळकपणा आधीच्या मोकळ्या जागेपासून सुरू होतो आणि शेवटचा ‘र’ उघडा पडतो. ‘ट्र’ हे जोडाक्षर मधोमध कापले जाते. रोजमेळात एक रक्कम चुकीच्या ओळीत पडली की खालच्या साऱ्या बेरजा बिघडतात, तसाच हा प्रकार.

चांगली आज्ञावली ही नोंद आपोआप सरकवते. वर्डच्या फाईलमध्ये मजकूर तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला असतो. प्रत्येक तुकड्याला त्याचा साज जोडलेला असतो, आणि साज बदलला की नवा तुकडा सुरू होतो. वर्डमधील शोधून बदलण्याची सोय या तुकड्यांचा मान राखते आणि नव्या शब्दाला जुन्या शब्दाचा साज देते. परंतु एखाद्या शब्दाचा अर्धा भाग ठळक व अर्धा साधा असेल, तर नवा शब्द पहिल्या अक्षराचा साज घेतो आणि उरलेला भेद नाहीसा होतो. एक्सेलमध्ये याहून अधिक सावधगिरी हवी. तेथे एकाच चौकटीत काही शब्द ठळक, काही तांबडे असे लिहिता येते. पण त्या चौकटीतील एखादा शब्द शोधून बदलण्याच्या आज्ञेने बदलला, की हा मिश्र साज बहुधा पुसला जातो. सूत्राने तयार झालेल्या मजकुराला तर असा मिश्र साज मुळातच धरता येत नाही. ज्या पेढीत उधारीची थकलेली रक्कम तांबड्या अक्षरांत लिहिण्याची रीत आहे, तेथे तांबडेपणा गेला म्हणजे सूचना गेली. रक्कम तशीच राहते. ती थकलेली आहे, हे सांगणारी खूण मात्र नाहीशी होते.

साज म्हणजे केवळ शोभा नव्हे, हे व्यापारात पदोपदी दिसते. गोंदियाच्या धान गिरणीतून निघणाऱ्या तांदळाचा एचएसएन क्रमांक १००६ आहे, आणि वाळलेल्या डाळी व कडधान्ये ०७१३ या क्रमांकाखाली येतात. तांदळाचा क्रमांक एक्सेलमध्ये कसाही लिहिला तरी तसाच राहतो. डाळीचा क्रमांक मात्र चौकटीचा प्रकार ‘मजकूर’ असा न ठेवता लिहिला, तर एक्सेल त्याला संख्या समजतो, आरंभीचे शून्य निरर्थक मानून टाकून देतो आणि ७१३ एवढेच उरते. ‘हा मजकूर आहे, संख्या नव्हे’ ही माहितीसुद्धा साजाचाच एक प्रकार आहे. बँकेच्या खाते क्रमांकाबाबत हाच दोष अधिक महाग पडतो. एक्सेल संख्येतील पंधराच अंक अचूक धरतो; सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला गेला, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. नंतर चौकटीचा प्रकार बदलला तरी गेलेला अंक परत येत नाही. मालाचे पैसे पाठवण्याच्या यादीत हे घडले, तर कष्टाच्या पैशाला वाट चुकण्यास एवढे कारण पुरते.

ग्राहकांना जाणाऱ्या संदेशांचीही अशीच गोष्ट आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक एसएमएसचा नमुना आधी नोंदवावा लागतो. त्या नमुन्यात ग्राहकाचे नाव व रक्कम यांसाठी मोकळ्या जागांच्या विशिष्ट खुणा असतात. पाठवलेला संदेश नमुन्याशी जुळला नाही, तर तो वाटेतच अडवला जातो. इंग्रजी नमुना मराठीत करताना पुष्कळदा या खुणांचेही भाषांतर करण्याचा मोह होतो. वास्तविक खुणा जशाच्या तशा ठेवून त्यांची जागा तेवढी मराठी वाक्यरचनेप्रमाणे हलवायची असते. इंग्रजीत ‘प्राप्त झाले’ आधी, रक्कम मग आणि नाव शेवटी येते. मराठीत ‘अमुक यांजकडून इतके रुपये प्राप्त झाले’ असा क्रम लागतो. खूण राखणे आणि क्रम बदलणे, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच तो संदेश मराठी होतो.

मराठीत तर डोळ्यांना मुळीच न दिसणारी चिन्हेही अर्थ वाहतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द प्रत्येक वाचकाला परिचित आहेत. पहिला शब्द पूज्य आचार्यांसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांसाठी. भेद केवळ ‘र’ कसा जोडला आहे याचा. दुसऱ्या शब्दातील तो अर्धा ‘र’ संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ असतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. काही आज्ञावल्या मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे काढून टाकतात. तसे झाले, की दुसऱ्या रीतीने लिहिलेले आचारी क्षणात आचार्य होतात. चातुर्मासाच्या जमाखर्चात ‘आचाऱ्यांना दिलेला मोबदला’ अशी नोंद असावी आणि छापताना ती ‘आचार्यांना दिलेला मोबदला’ अशी व्हावी, यात केवळ मुद्रणदोष नाही. ज्यांनी द्रव्याचा त्याग केला, त्यांच्याविषयी ती असत्य नोंद ठरते. लिहिणाऱ्याच्या मनात दोष नसतो. दोष न दिसणाऱ्या चिन्हाला निरुपयोगी समजण्यात असतो.

सर्वांत गंभीर प्रसंग जुन्या फाईलींचा आहे. गोंदिया जिल्ह्याला एका बाजूस मध्य प्रदेश व दुसऱ्या बाजूस छत्तीसगड लागून असल्यामुळे येथील व्यापार मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत चालतो. युनिकोड रुळण्यापूर्वी हिंदी मजकुरासाठी कृतिदेव आणि मराठीसाठी श्रीलिपी यांसारखे टंक वापरले जात. या टंकांत एक विलक्षण तडजोड होती. कृतिदेवमध्ये ‘भारत’ असे लिहिले, तर फाईलमध्ये प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जात. टंक त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती काढून दाखवी. याचा अर्थ असा, की येथे साज हाच देह होता. टंकाचे नाव पुसले, अथवा तो टंक नव्या संगणकावर नसला, तर मागे इंग्रजी अक्षरांची अर्थहीन ओळ उरते. किती तरी संस्थांच्या स्मरणिका, दानदात्यांच्या याद्या, वंशावळी आणि ट्रस्टचे ठराव आज याच अवस्थेत जुन्या संगणकांत पडून आहेत. कागद असता तर वाळवी लागलेली दिसली असती. येथे वाळवीही दिसत नाही.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने उपलब्ध आहेत. परंतु तेथेही साज ओळखूनच काम करावे लागते. एका बिलात ग्राहकाचे नाव कृतिदेवमध्ये आणि जीएसटी क्रमांक साध्या इंग्रजी टंकात असेल, तर परिवर्तन केवळ कृतिदेवच्या तुकड्यांचेच व्हायला हवे. टंकाकडे न पाहता सारी फाईल एकदम परिवर्तित केली, तर जीएसटी क्रमांकातील इंग्रजी अक्षरेही देवनागरीत जातात आणि क्रमांकाचा बोध होत नाही. शिवाय जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होत असे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा ‘र’ अक्षरापूर्वी साठवला जातो. चिन्हांचा क्रमच पालटत असल्यामुळे ठळकपणाची सीमा कोठे धरावी, हेही नव्याने ठरवावे लागते.

मजकूर आणि साज यांचे नाते कसे असावे, याचा विचार भारतीय लिप्यांसाठी फार पूर्वीच झाला होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय भाषा संगणकावर आणल्या, त्या याच मानकाच्या आधारे. इस्कीत साजासाठी एक विशेष चिन्ह होते. ते अक्षरांच्या ओळीतच येई आणि त्यापुढील चिन्ह ठळक, तिरपे, अधोरेखित अशी सूचना देई. लिपी बदलण्याची सूचनाही त्याच मार्गाने दिली जाई. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली, पण ठळक-तिरप्याचा साज अक्षरांच्या ओळीबाहेर ठेवला. अक्षर एका जागी, साज दुसऱ्या जागी, आणि दोहोंना जोडणारी नोंद तिसऱ्या जागी. आज फोनवर मराठी संदेश कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, तो या विवेकामुळे.

हा विवेक जैन परंपरेला नवा नाही. अक्षरातील अल्प बदलाने केवढा अनर्थ होतो, हे सांगणारी कुणालाची कथा आचार्य हेमचंद्रांच्या परिशिष्टपर्वात आली आहे. सम्राट अशोकाने कुमाराचे अध्ययन सुरू करावे असे पत्र लिहिले; त्यातील ‘अधीयउ’ या शब्दावर सावत्र मातेने एक बिंदू दिला आणि ‘अंधीयउ’ झाले. विद्येची आज्ञा अंधत्वाची आज्ञा ठरली. एका अनुस्वाराचे मोल राजपुत्राचे दोन डोळे. याच कुणालाचा पुत्र संप्रती पुढे जिनशासनाचा थोर उपासक राजा झाला.

म्हणूनच हस्तलिखिते लिहिणाऱ्या व शोधणाऱ्या विद्वानांनी दुरुस्तीचे कडक नियम पाळले. चुकीचे अक्षर खरवडून काढण्याऐवजी त्यावर पिवळी हरताळ लावीत आणि तीवर शुद्ध अक्षर लिहीत. मराठीतील ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. बाजारपेठ बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. एखादे पद गळले असेल, तर त्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण करीत, गळलेले पद समासात लिहीत आणि ते कोणत्या ओळीचे, हे ओळीचा क्रमांक देऊन सांगत. विरामदंड व अध्यायसमाप्ती तांबड्या रंगाने खुलवलेली असे, आणि दुरुस्ती करताना ती रचना बिघडू नये याची काळजी घेतली जाई. संगणक आज चिन्हांचे क्रमांक मोजून जे करतो, तेच हे विद्वान ओळी मोजून करीत असत.

विदर्भातील एक उदाहरण या बाबतीत आदर्श मानावे असे आहे. डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावती येथे राहून षट्खंडागमाचे धवला टीकेसह संपादन हाती घेतले आणि १९३९ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील त्र्याण्णवाव्या सूत्रात ‘संजद’ हे एक पद गळले असावे, असे टीकेच्या ओघावरून त्यांना जाणवले. उपलब्ध प्रतींत ते पद नव्हते. त्यांनी मूळ सूत्रात स्वतःच्या बुद्धीने ते घातले नाही. सूत्र प्रतींप्रमाणे ठेवून आपला तर्क तळटीपेत नोंदवला. त्या एका पदावरून समाजात दीर्घ आणि तीव्र चर्चा झाली. पुढे मूडबिद्रीच्या प्राचीन ताडपत्रांत ते पद असल्याचे आढळले. तर्क खरा ठरला, ही विद्वत्तेची गोष्ट झाली. परंतु तर्क खरा वाटत असतानाही मूळ मजकूर आणि स्वतःची दुरुस्ती त्यांनी वेगवेगळी ठेवली, ही संयमाची गोष्ट अधिक मोठी आहे.

हा संयम पेढीवरही पाळता येतो. फाईलीत मोठा बदल करण्यापूर्वी तिची एक प्रत बाजूला ठेवावी. सर्व जागी एकदम बदल करण्याची आज्ञा न देता एकेक जागा पाहून बदल करावा; दहा मिनिटे अधिक लागतात, पण ‘ज्ञानगोंदिया’ टळतो. दुसरीकडचा मजकूर चिकटवताना वर्ड तीन पर्याय देतो: मूळ साज ठेवणे, येथील साजात मिसळणे आणि केवळ अक्षरे घेणे. त्यांतील कोणता हवा, हे समजून निवडावे. जुन्या टंकातील मजकुरासाठी केवळ अक्षरे घेण्याचा पर्याय कदापि निवडू नये. एचएसएन, खाते क्रमांक व फोन क्रमांक यांच्या स्तंभाला आकडे भरण्यापूर्वीच ‘मजकूर’ हा प्रकार द्यावा. संस्थेच्या फाईली युनिकोडमध्ये नेताना जुनी फाईल, तिचा टंक आणि तिची पीडीएफ प्रत एकत्र जपावी, म्हणजे शंका आली तर ताडून पाहता येते. आणि शेवटी घरातील ज्येष्ठांकडून नावे वाचून घ्यावीत, कारण यंत्राला आडनाव ठाऊक नसते, आजोबांना असते.

ज्ञानाचाराचे आठ प्रकार शास्त्रात सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे तीन म्हणजे व्यंजन, अर्थ आणि तदुभय: अक्षर शुद्ध राखणे, अर्थ शुद्ध राखणे आणि दोन्ही एकत्र शुद्ध राखणे. प्रतिक्रमणात श्रावक ज्या ज्ञानविषयक अतिचारांची आलोचना करतो, त्यांत अक्षर कमी करणे, अक्षर वाढवणे आणि पद गाळणे हे दोष आवर्जून येतात. ज्यांच्या मुखात ही आलोचना नित्य आहे, त्यांच्या संगणकावर शून्य गळावे, अनुस्वार वाढावा अथवा पूर्वजांचे नाव अर्थहीन अक्षरांत हरवावे, हे शोभणारे नाही. दिवाळीला पेढीवर शारदापूजन होते तेव्हा नव्या चोपड्याबरोबर आता संगणकालाही कुंकू लागते. त्या पूजेचा अर्थ वर्षभर पाळायचा असेल, तर तो एवढाच: जे बदलायचे तेवढेच बदलावे आणि जे राखायचे ते सारे राखावे.

जय जिनेंद्र.